किल्ल्याच्या काठावर एक दगडी फलक हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातीला घेऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेलो होतो. सासबहू मंदिर (१०९३ चे) पाहून आम्ही पूर्वेकडच्या काठाशी आलो. खाली शहर पसरलेले. "आजोबा, आपलं घर कुठे?" तिने विचारले. मी लष्कर भागाकडे बोट केले आणि मग एकेक खूण सांगत गेलो. बघता बघता शेजारची दोन-तीन कुटुंबेही जवळ सरकून ऐकू लागली.

केवढे काही दिसते तिथून! कड्याखाली दाटीवाटीचे जुने ग्वाल्हेर, त्यात सूफी संत महंमद घौसच्या मकबऱ्याचा भला मोठा घुमट. तानसेनाची कबर त्याच आवारात, पण इतकी ठेंगणी की घुमटाच्या खुणेनेच शोधायची. पलीकडे मुरार, इंग्रजांची जुनी छावणी. उजव्या हाताला लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तिथे तळ दिला. तंबू गेले, वाडे उठले, नाव मात्र लष्करच राहिले. आमच्यासारख्या कितीतरी मराठी घरांची इथली सुरुवात त्या तळापासूनची. लष्कराच्या अलीकडे १८७४ चा जयविलास राजवाडा, आणि फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. नातीला आधी दिसले ते मोबाइलचे टॉवर आणि उंच नव्या इमारती. त्यात चुकले काय? तेही आपलेच शहर.

किल्ल्याच्या वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरातले ८७६ सालच्या शिलालेखातले शून्य पाहायला लोक लांबून येतात. '२७०' मधले ते इवलेसे शून्य दाखवणारे कुणीतरी भेटते. काठावर उभ्या माणसाला मात्र समोरचे शहर ओळखून देणारा फलक मला कुठेच दिसला नाही.

संबंधितांना माझी कळकळीची विनंती आहे. कठड्यालगत एक पसरट दगड बसवावा. त्यावर समोरच्या देखाव्याची रेखाकृती कोरावी, प्रत्येक खुणेपाशी नाव आणि साल लिहावे, हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही. दगड इथल्याच डोंगराच्या जातीचा, वालुकाश्माचा घ्यावा. पत्रा नको, मे महिन्यात त्याला हात लावता येणार नाही. शहरातल्या मराठी मंडळींकडून वर्गणी काढायची झाली, तर पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.

आणि फलक लहान मुलाच्या छातीइतक्या उंचीवर असावा. त्या दिवशी नातीला मी चार वेळा उचलून घेतले.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, लष्कर, ग्वाल्हेर