ब्रिटनचा दाखला उलटा निघतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भारतीय मुलांसाठी कॉमिक्समध्ये तिरंगी पोशाखातला महानायक हवा, असा लेख आला आणि त्याच पानावर शाळकरी मुलांची चित्रस्पर्धाही जाहीर झाली. अमेरिकेकडे कॅप्टन अमेरिका, ब्रिटनकडे कॅप्टन ब्रिटन, आपली पाटी मात्र कोरी, म्हणून नव्या पिढीचं देशप्रेम पातळ होत चाललं, असा लेखाचा सूर होता. अमेरिकेबद्दल वाद नाही. पण ब्रिटनचा दाखला लेखकाने चाळून न बघताच दिला असावा, कारण तो त्यांच्याच म्हणण्याच्या उलट जातो.

मी फौजेत क्लार्क होतो. हवालदार म्हणून पेन्शन आलो, आता देवळी तालुक्यात पराटी आणि तूर बघतो. कॉमिक्सचा नाद छावणीतला. साहेबांची पोस्टिंग निघाली की काळ्या ट्रंका भरायच्या आणि ट्रंकेत न मावलेलं सामान आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात येऊन पडायचं. तुटकी रॅकेट, कॅरमच्या सोंगट्या आणि मुलांच्या कॉमिक्सचे गठ्ठे. त्यांत युद्धकथांच्या, खिशात मावणाऱ्या कमांडो पुस्तिका ढिगाने. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून त्या १९६१पासून निघतात. माझं इंग्रजी सरकारी पत्रांपेक्षा त्यांच्यावर जास्त पोसलं. पुढे जुन्या बाजारातून मिळेल ते आणत गेलो. त्या वाचनाच्या जोरावर हे लिहितो आहे.

कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक डिसेंबर १९४०मध्ये विक्रीला आला. मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे. काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघे ज्यू घरांतले. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा जवळजवळ वर्ष बाकी होतं. म्हणजे युद्धात न उतरलेल्या देशाचा हा ठोसा. त्याच वेळी लंडनवर बाँब पडत होते, सुरुवातीला तर सलग ५७ रात्री. त्या देशातल्या पोरांना काय वाचायला मिळत होतं? कागदाची टंचाई इतकी की बीनो आणि डँडी ही दोन साप्ताहिकं १९४१पासून एकाआड एक आठवड्याला निघू लागली. डँडीत हिटलर आणि त्याचा साथीदार गोअरिंग होते, पण ऍडी आणि हर्मी या नावांचे, सदा फजिती होणारे दोन बावळट म्हणून. ज्यांच्या घरावर खरोखर बाँब पडत होते त्यांनी शत्रूला मारणारा झेंडेवाला काढला नाही, शत्रूची टिंगल काढली. सुपरहिरो अजिबात नव्हतेच असं नाही, एखाददुसरा येऊन गेला. पण देशाने उराशी धरावा असा झेंडा ल्यालेला वीर त्या सहा वर्षांत तिथे उभा राहिला नाही.

(त्याच १९४०च्या ऑक्टोबरात, १७ तारखेला, इथून जवळच पवनारला विनोबांनी याच युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता आणि पुढे १९४२च्या ऑगस्टात आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत तिरंगा घेऊन ठाण्यावर गेलेल्यांवर गोळ्या चालल्या. हिटलरला हसणारं राज्य तेच. हेही मुलांना माहीत असावं.)

युद्धानंतर त्यांनी स्वतःचा म्हणून जो नायक काढला तो डॅन डेअर. १९५०च्या एप्रिलमध्ये ईगल साप्ताहिकात आला. अमेरिकन कॉमिक्स पोरांना बिघडवतात म्हणून एका पाद्र्याने हे साप्ताहिक काढलं होतं. डॅन डेअरकडे दैवी शक्ती नाही. तो अंतराळ दलाचा वैमानिक कर्नल, इस्त्रीचा गणवेश, दिलेला शब्द पाळणारा. मला त्यात जास्त रस त्याच्या सहायकात, डिग्बीत. हा लँकेशायरच्या विगन गावचा जाडगेला माणूस. साहेब धाडस करणार, डिग्बी साहेबाची काळजी घेणार आणि मधून मधून हसं करून घेणार. ज्याने साहेबांचे बूट आणि बिस्तरे वाहिलेत त्याला डिग्बी लगेच ओळखू येतो. त्या काळच्या ब्रिटनचं देशप्रेम असं पायरीपायरीने लावलेलं होतं. शौर्य वरच्याचं, इमानदारी खालच्याची.

मार्व्हलमन हा त्यांचा आणखी एक नायक, १९५४चा. अमेरिकेतला एक नायक कोर्टकज्जात बंद पडला, इकडे छापायला माल उरला नाही, म्हणून मिक अँग्लो यांनी तसाच दुसरा बसवून दिला. धंद्याची गरज होती, देशाची नव्हे.

आता कॅप्टन ब्रिटन. हा आला ऑक्टोबर १९७६मध्ये, आणि काढला न्यूयॉर्कच्या मार्व्हल कंपनीने, ब्रिटनमध्ये विकायला. लेखक ख्रिस क्लेअरमाँट जन्माने लंडनचे खरे, पण लहानपणीच अमेरिकेत गेलेले. चित्रकार हर्ब ट्रिंप अमेरिकन. म्हणजे झेंडा त्यांचा, शिंपी परदेशी. युनियन जॅक (हे ब्रिटनच्या झेंड्याचंच नाव) नावाचा वीरही त्याच वर्षी, त्याच कंपनीने काढला. कॅप्टन ब्रिटनचं साप्ताहिक ३९ अंकांत आटोपलं आणि स्पायडरमॅनच्या साप्ताहिकात विलीन झालं.

बरं, या कॅप्टन ब्रिटनचा जन्म कसा होतो तेही पाहा. ब्रायन ब्रॅडॉक हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. जीव वाचवत पळताना त्याच्यापुढे दोन वस्तू येतात, तलवार आणि ताईत. एक निवड, असं सांगितलं जातं. आपण योद्धे नव्हे असं म्हणत तो तलवार सोडतो आणि ताईत उचलतो, आणि त्यातून कॅप्टन ब्रिटन होतो. आपल्या पुरवणीतल्या लेखकाला हवा असलेला वीर त्या ठिकाणी तलवारच उचलेल, याची मला खात्री आहे.

हा नायक तिथे नीट रुजला नाही, याला कारणही त्या काळातलंच. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष युनियन जॅक फडकवत लंडनमध्ये मोर्चे काढत होता. झेंडा अंगावर घातलेला माणूस दिसला की तिथल्या काळ्या-सावळ्या घरांनी दार लावून घ्यावं, अशी वेळ होती. साम्राज्य गेलं, कारखाने बंद पडत होते. अशा देशात छातीवर झेंडा म्हणजे कोणाची तरी बाजू घेणं. पुढे इंग्रजांच्या हाती हे पात्र आलं. ऍलन डेव्हिस यांनी त्याला झेंड्याच्या रंगांचा नवा पोशाख दिला आणि ऍलन मूर यांनी कथेच्या सुरुवातीलाच त्याला मारून पुन्हा घडवलं. आणि युनियन जॅकचा पोशाख दोन पिढ्या लॉर्डांच्या घराण्यात राहिल्यावर १९८१मध्ये जहाजबांधणी करणाऱ्याच्या पोराच्या अंगावर चढला. डिग्बीला इतक्या वर्षांनी बढती मिळाली म्हणायची.

पण ब्रिटिश कॉमिक्समधलं युद्ध खरं कुठे आहे म्हणाल, तर बॅटल नावाच्या पोरांच्या साप्ताहिकात. जानेवारी १९७९पासून त्यात चार्लीची गोष्ट येऊ लागली. लेखक पॅट मिल्स, चित्रं जो कोलक्हून यांची. चार्ली बोर्न सोळा वर्षांचा, वय चोरून भरती होतो आणि पहिल्या महायुद्धातल्या, १९१६च्या सोमच्या लढाईत जाऊन पडतो. १ जुलै १९१६ या एका दिवसात तिथे १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले. कोलक्हूनच्या चित्रांत खंदकातला चिखल, उंदीर, काटेरी तारा असं काही आहे की हात लावला तर घाण लागेल. चार्लीजवळ कसलीही शक्ती नाही. तो घरी पत्रं लिहितो, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेली. वाईट अधिकारी त्याला शत्रूइतकाच छळतो. युद्ध संपल्यावर गोष्ट पुढे जाते आणि १९३३ साली तोच चार्ली बेकार भत्त्यावर दिसतो, तिकडे जर्मनीत हिटलर सत्तेवर येतो.

ती पत्रं वाचून मला माझं टेबल आठवतं. १९९९च्या उन्हाळ्यात माझ्याकडे लढाई नव्हती, कागद होते. वर बर्फात गेलेल्या जवानाचं सामान खाली यायचं आणि त्याची यादी टाइप करून घरी पाठवायची. घड्याळ, एक नग. कंगवा, एक नग. बनियन, तीन नग. हनुमान चालिसा, एक नग. अंतर्देशीय पत्र, कोरं, दोन नग. यादीवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. कंगव्यात केस असला तरी त्याचा रकाना नसे. देशासाठी मेलेला माणूस माझ्यापुढे असा नगावर यायचा. तेव्हापासून झेंडा पांघरून उडणारा वीर बघितला की मला त्याच्या खिशात काय असेल असा प्रश्न पडतो. चार्लीच्या खिशात काय आहे ते मिल्सला माहीत होतं.

आणि ही गोष्ट चालू असतानाच १९८२च्या एप्रिल-जूनमध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं. बेल्ग्रानो ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडाली, ३२३ माणसं मेली, आणि तिथल्या एका खपाच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'सापडलात!' अशा अर्थाचा आरोळी मथळा दिला. तेव्हा मोठी माणसं आरोळ्या ठोकत होती आणि पोरांच्या साप्ताहिकात पहिल्या महायुद्धाचा चिखल चालू होता. कमांडो पुस्तिकाही धडाक्यात खपत होत्या, त्यामुळे सगळे इंग्रज शहाणे झाले होते असं मी म्हणत नाही. शिवाय आपला शिपाई त्यांच्या चित्रांत फारसा दिसत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. चार्लीच्या खंदकाशेजारून ती चालली असतील, पण चौकटीत आली नाहीत. ती चित्रं काढणं आता आपलं काम आहे.

यंदा तान्ह्या पोळ्याला आमच्या गावात वेशभूषेत तिरंगी झूल पाठीवर टाकलेला पोट्टा पहिला आला. हातात प्लास्टिकची ढाल, बाजूला लाकडी नंदी. गोड दिसत होता, बक्षिसाला टाळ्या मीही वाजवल्या. माझ्या नातवाने मात्र मला विचारलं, "आबा, तुमी फौजेत होते तं तुमचा डरेस कसा होता?" हिरवा, म्हटलं. त्याला ते काही पटलं नाही.

परमवीर चक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का आमच्या गार्ड्स रेजिमेंटचे, १४ गार्ड्स पलटणीचे. डिसेंबर १९७१मध्ये गंगासागरच्या लढाईत जखमी होऊनही ते शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी घरातले. कामठीच्या आमच्या सेंटरमध्ये रिक्रूटांना ही गोष्ट सांगतात. परमवीर विजेत्यांवर आपल्याकडे चित्रकथाही निघाल्या आहेत, म्हणजे लेखकाने म्हटल्याप्रमाणे पाटी अगदीच कोरी नाही. आमच्या पिढीने तर इंद्रजालमधला वेताळ डोक्यावर घेतला होता, आफ्रिकेच्या जंगलातला गोरा माणूस, झेंडा ना देश. त्याने आमच्यापैकी कोणाची भरती अडली नाही.

तेव्हा स्पर्धा जरूर घ्या, फक्त नियमांत थोडा बदल करा. तिरंगी महानायकाच्या चित्रासोबत आणखी एक गट ठेवा. मुलाने आपल्या गावातल्या एका माजी सैनिकाकडे किंवा शहिदाच्या घरी जाऊन बसावं, विचारावं, आणि जे ऐकलं ते सहा चौकटींत काढावं. पुलगावला दारूगोळा भांडार आहे, तिथे काम केलेली माणसं आसपासच्या गावांत आहेत. २०१६च्या मे महिन्यातली ती आगीची रात्र त्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांनाही यात धरा. बक्षिसासाठी माझ्याकडच्या कॉमिक्सचा एक गठ्ठा मी द्यायला तयार आहे, पोस्टेज माझ्याकडून. मुदत मात्र नोव्हेंबरअखेरची देऊ नका. तेव्हा इकडे वेचणी जोरात असते आणि सुटीच्या दिवशी निम्मी शाळा वावरात असते. संक्रांतीपर्यंत वेळ द्या.

आपला,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क),
ता. देवळी, जि. वर्धा