आंदोलनाचा पैसा तपासता, मग मतांचाही तपासा

माननीय गृहमंत्री, कर्नाटक सरकार,
विधानसौध, बेंगळूर यांस

सादर नमस्कार.

कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधच्या वाटेवर बॅरिकेड लागतात आणि मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारल्याची बातमी येते. त्याच्या मागोमाग हमखास एक मागणी होते: या लोकांना पैसा कोण पुरवतं ते शोधा आणि समितीवर बंदी घाला. गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा बोललं गेलंय की आता कुणाला त्यासाठी पुराव्याची गरजही वाटत नाही. मी बेळगाव तालुक्यातला एक मराठी मतदार. आपल्या खात्याच्या कानावर काही गोष्टी घालाव्यात म्हणून हे उघड पत्र लिहितोय.

पैसा कुठून येतो, हा प्रश्न विचारायला माझी काहीच हरकत नाही. सार्वजनिक कामासाठी पैसा गोळा करणाऱ्या प्रत्येकाला तो विचारलाच पाहिजे. आमच्या गावातलं उत्तर मी देतो. ते कार्बनच्या पावती पुस्तकात आहे. उद्यमबागेत फौंड्रीत राबणारा पोरगा शनिवारी पगार झाला की शंभर रुपये देतो. गवंडी काम करणारा पन्नास देतो. एखादा शेतकरी सुगी झाल्यावर देतो म्हणतो आणि भात विकलं की आठवणीनं आणून देतो. गल्लीतले पंच देवळात बसून तो हिशेब लिहितात. मांडव आणि स्पीकरला त्यातले थोडेच लागतात. जास्त पैसे जातात ते वकिलाला, जामिनाला आणि कोर्टाच्या तारखांना. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी आम्ही पाळतो त्या काळ्या दिनाला, संभाजी उद्यानातून निषेध फेरी निघते आणि परवानगीशिवाय फेरी काढली म्हणून गुन्हे नोंदवले जातात. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक पाडल्यानंतर गावात घराघरांत घुसून लाठ्या चालल्या आणि खटले मात्र गावकऱ्यांवरच झाले. तारखेला उभं राहायचं म्हणजे कामाचा खाडा, दिवसाची मजुरी बुडाली. आंदोलनाचा पैसा कुठे जातो, तर असा जातो.

महाराष्ट्र सरकार सीमाभागासाठी खर्च करतं, हेही खरं आहे. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना मदत मिळते. २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा बेंगळुरात केवढा गदारोळ झाला. पण हे सगळं जाहीर करून, सरकारी कागदावर लिहून होतं. त्यातला रुपया न् रुपया तपासा. आजारी माणसाच्या ऑपरेशनचं बिल कुणी भरलं म्हणून तो देशद्रोही ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझा मुद्दा पुढे आहे. हाच प्रश्न निवडणुकीतल्या पैशाबद्दल एवढ्या जोरात का विचारला जात नाही?

१९९६ ची लोकसभा आठवा. बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून लोकांनी ठरवून अर्ज भरले होते. अनामत रक्कम तेव्हा पाचशे रुपये होती. सगळ्या उमेदवारांची अनामत मिळवली तरी अडीच लाखांच्या वर जात नाही. इतक्या पैशात, एकही दगड न उचलता, कायद्याच्या चौकटीत राहून या भागानं आपलं गाऱ्हाणं देशापुढे मांडलं होतं. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत दहा हजार केली गेली. आज ती पंचवीस हजार आहे. मतपत्रिकेचा तो पसारा कुणालाच परवडणारा नव्हता, हे मला मान्य आहे. पण गरिबाच्या निषेधाची वाट महाग झाली, आणि धनवंताच्या प्रचाराला तसा अडसर कधी आला नाही. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा आज चाळीस लाख आहे. पक्ष जो खर्च करतात त्याला मर्यादाच नाही. पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याचे निवडणूक रोखे कुणी घेतले आणि कुणाला दिले, हे कळण्यासाठी देशाला १५ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं.

मर्यादेच्या आतला खर्च तरी कागदावर दिसतो. कागदावर न येणारा आमच्या स्वयंपाकघरात दिसतो. गेल्या विधानसभेच्या आधी आमच्याकडे कुकर, मिक्सर घरोघर आले. शेजारच्या आजींच्या घरात अशा कुकरचं खोकं अजून माळ्यावर आहे, वर नेत्याचा फोटो तसाच. का घेतलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘घेतलं नाय तर लिस्टीतनं नाव काढतील गा.’ त्यांना कुकरचा लोभ नव्हता, त्यांना भीती होती. २०२३ च्या जानेवारीत याच तालुक्यात, सुळेभावीच्या जाहीर सभेत, समोरच्यानं तीन हजारांच्या वस्तू दिल्या तर आपण मताला सहा हजार देऊ, असं एक आमदार भर मंचावरून बोलले. साऱ्या राज्यानं ते टीव्हीवर पाहिलं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मतासाठी लाच देणं हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेत होता, आता न्याय संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसाला तपासही करता येत नाही. त्याच पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात, शिवरायांच्या आणि संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यांची विटंबना झाल्यावर उसळलेल्या प्रकारात, आमच्या पोरांवर राजद्रोहाचं कलम लावलं होतं. दगड मारणाऱ्यावर, गाड्या फोडणाऱ्यावर खटला झालाच पाहिजे, तो कुठल्याही भाषेचा असो. पण दगडाला राजद्रोह आणि हजारो मतं विकत घेणं अदखलपात्र, हा न्याय मला अजिबात पटत नाही.

आचारसंहिता लागली की पोलीस निवडणूक आयोगाच्या हाताखाली जातात, हे मला ठाऊक आहे. ती उठल्यावर मात्र तपास आणि आरोपपत्र आपल्याच खात्याकडे असतं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. राज्याला त्यात दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती घेऊन. मतदाराला लाच देण्याचा गुन्हा कर्नाटकात दखलपात्र करण्याचं विधेयक आपण आणावं.

अविश्वास कसा साचतो, तेही आमच्याकडून ऐका. सप्टेंबर २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि मतदान यंत्रांना व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, जोडलेलं नव्हतं. निकालानंतर गल्लोगल्ली शंका सुरू झाल्या. यंत्रात फेरफार झाल्याचा कुठलाही पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून तसा आरोप मी करणार नाही. समितीचा एकही आमदार २०१८ ला निवडून आला नाही, २०२३ लाही नाही. त्याला आमच्यातली फूट आणि पैशाचा जोर ही माझ्या मते खरी कारणं आहेत. पण मत दिलेल्या माणसाला चिठ्ठी पाहायला मिळाली असती तर निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या.

शंकेला खतपाणी इतरही ठिकाणी मिळतं. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले. आयोगाच्याच तपासणीत त्यातले फक्त २४ खरे निघाले. ते वेळीच पकडले गेले हे चांगलं झालं. पण आमच्या आजींची भीती अगदीच निराधार नाही, हेही त्यातून कळतं. मतदान केंद्रातलं सीसीटीव्ही चित्रीकरण निवडणूक याचिका नसेल तर ४५ दिवसांत नष्ट करण्याची सूचना आयोगानं मे २०२५ मध्ये दिली; त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून ते सामान्य माणसाला मागता येणार नाही अशी तजवीज झाली होती. आणि जिल्हा व तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ ला झाल्या, २०२१ ला मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या माणसाला साकव हवा असेल तर त्यानं कुणाच्या दारात जायचं? हा प्रश्न मराठीचा नाही. सौंदत्ती, रामदुर्गच्या कन्नड भावांचीही तीच गत आहे.

समितीच्या कार्यकर्त्यांनाही इथेच सांगतो. शहर समिती, तालुका समिती, युवा समिती, जो कोणी वर्गणी गोळा करतो त्यानं वर्षाचा हिशेब गावच्या चावडीसमोर फलकावर लावावा, देणाऱ्यांची नावं विचारून, खर्चाच्या पावत्यांसह. काही गावांत हे होतं, काही ठिकाणी नुसतं तोंडी सांगितलं जातं. तोंडी हिशेब पुरेसा नाही.

साहेब, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल आपण द्यावा असं मी म्हणत नाही. माझी मागणी आपल्या हातात असलेल्या गोष्टींची आहे. २०२३ च्या विधानसभा आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यात मतदारांना लाच दिल्याचे किती गुन्हे नोंदले गेले, कितींत आरोपपत्र दाखल झालं, किती जणांना शिक्षा झाली आणि जप्त केलेली रोकड व वस्तू शेवटी कुणाच्या निघाल्या, याचं निवेदन येत्या बेळगाव अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावं. त्याच निवेदनात काळ्या दिनाच्या आणि महामेळाव्याच्या गुन्ह्यांचेही आकडे द्यावेत, म्हणजे लोकांना दोन्ही शेजारी शेजारी वाचता येतील. पुढच्या महापालिका निवडणुकीत मतपत्रिका किंवा व्हीव्हीपॅट, दोन्हींपैकी एक असलंच पाहिजे, हे सरकारनं राज्य निवडणूक आयोगाला लेखी कळवावं. मतदार यादी गल्लीत, मराठीबहुल गावांत मराठीतूनही, मोठ्यानं वाचून दाखवली जावी. आमचं पावती पुस्तक पाहायचं असेल तर आपल्या ठाण्यातल्या फौजदारांना पाठवा, पंच ते देवळातच ठेवतात.

कळावे,

आपला विश्वासू,
बेळगाव तालुक्यातील एक मतदार