एकट्यासाठी म्हणून विकलेल्या स्पेन सहलीच्या आखणीबद्दल तक्रार

दि. ३० ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
परदेश सहली, पुणे

विषय: सेव्हिया–कोर्दोबा–ग्रानादा 'सोलो' सहल (४ ते ९ ऑक्टोबर २०२५), सदोष आखणी व परताव्याची मागणी

महोदय,

वरील सहलीसाठी एका माणसाच्या खोलीचे म्हणून २८,००० रुपये जादा आकारले गेले. एकट्याला खोली महाग पडते, त्याबद्दल कुरकुर नाही. तक्रार अशी, की पैसे एकट्याचे घेतले आणि आखणी गटाची दिली. चाळीस जणांच्या यादीतली एकोणचाळीस नावे खोडली म्हणून सहल सोलो होत नाही. गटाचे सामान बसच्या पोटात राहते, हॉटेलात किल्ल्या टूर मॅनेजर घेतो. एकट्याच्या आखणीत हे सगळे आधीच कागदावर सोडवावे लागते.

सोमवार, ६ ऑक्टोबरचा कार्यक्रमच पाहा. पहाटे सेव्हियातली खोली सोडायची, वेगवान रेल्वेने पाऊण तासात कोर्दोबा, साडेआठला मेस्किता (पूर्वीची मशीद, आता कॅथेड्रल), मग मेदिना अझाहारा (जुन्या राजनगरीचे अवशेष), दुपारी आल्काझार (राजांचा किल्लेवजा वाडा) आणि रात्री ग्रानादा. म्हणजे दिवसभर मोठी बॅग सोबत. ती कुठे ठेवायची याची एक ओळही कार्यक्रमपत्रात नाही. जोडप्यातला एक जण बाहेर बॅगेपाशी थांबू शकतो. एकट्याला ती सोय नाही, आणि मोठी बॅग घेऊन मेस्कितात जाता येत नाही. साधा उपाय होता: सेव्हियातली खोली आणखी एक रात्र ठेवून कोर्दोबा जाऊन-येऊन करायचे आणि ग्रानादाला दुसऱ्या दिवशी निघायचे.

त्यातून मेदिना अझाहारा आणि कोर्दोबाचा आल्काझार दोन्ही सोमवारी बंद असतात. ही काही गुप्त माहिती नव्हे. शिवाय मेदिना अझाहारा शहराबाहेर सुमारे ८ किलोमीटरवर आहे. खालच्या संग्रहालयापासून अवशेषांपर्यंत वेगळी बस घ्यावी लागते. तुम्ही त्याला दीड तास दिला आहे. उघडे असते तरी अर्धा दिवस लागला असता.

मेस्किताच्या 'खास सकाळच्या प्रवेशा'चे २,४०० रुपये कशाचे, हे कृपया लेखी कळवावे. सोमवार ते शनिवार साडेआठ ते साडेनऊ तिथे वैयक्तिक प्रवेश विनामूल्य असतो आणि त्या तासात गटांना सोडत नाहीत. एकट्या प्रवाशाला खरोखर मिळणारा हा एवढाच फायदा, आणि नेमके त्याचेच पैसे लावले आहेत!

आदल्या दिवशीची, रविवारची चूक त्या मानाने लहान. सकाळी १० वाजता सेव्हियाचे कॅथेड्रल दिले आहे. रविवारी सकाळी तिथे मिस्सा असते आणि पर्यटकांना दुपारी अडीचनंतर सोडतात. सकाळ-दुपार अदलाबदल केली असती तरी भागले असते.

सर्वांत गंभीर बाब ग्रानादातल्या अल्हाम्ब्राची, म्हणजे तिथल्या किल्ला-राजवाड्यांच्या संकुलाची. कार्यक्रमपत्रात 'संपूर्ण अल्हाम्ब्रा' असे छापले आहे. प्रत्यक्षात दिलेले तिकीट फक्त बागा, हेनेरालीफे (राजांचा उन्हाळी महाल) आणि आल्काझाबा या किल्ल्याचे आहे. त्यात नासरी राजवाडे, म्हणजे नासरी घराण्याच्या सुलतानांचे महाल, येत नाहीत. म्हणजे सिंहांचे प्रांगण, कोमारेसचा दरबार, ज्यासाठी लोक ग्रानादाला जातात ते सगळे वगळले. पाचव्या चार्ल्सचा राजवाडा मात्र 'समाविष्ट' म्हणून दाखवला आहे. तिथे कोणालाही फुकट जाता येते. नासरी राजवाड्यांसाठी सर्वसाधारण तिकीट लागते, त्यावर प्रवेशाची ठरावीक वेळ असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. या जागा मोजक्या असतात, कित्येक आठवडे आधी संपतात. पूर्ण पैसे १६ जूनला भरले होते. तिकीट २४ सप्टेंबरला काढल्याचे त्यावरच छापलेले आहे. त्यामुळे 'तिकिटे संपली होती' हे तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर कबुलीजबाबच ठरते.

तेही तिकीट धड नव्हते. अल्हाम्ब्राचे तिकीट नावावर असते आणि मूळ पासपोर्टशी ताडून पाहतात. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव येते, आडनाव वेगळ्या रकान्यात. तुमच्याकडच्या कोणीतरी वडिलांचे नाव आडनाव म्हणून भरले आणि पासपोर्ट क्रमांकातले दोन अंक उलटे टाकले. गटात असे झाले तर मॅनेजर खिडकीवर जाऊन निस्तरतो. इथे खिडकीवर स्पॅनिशमध्ये बोलायला कोण होते?

ग्रानादाची खोली अल्बायसिन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत दिली. भाग देखणा, पण चढाच्या, गोट्यांनी मढवलेल्या गल्ल्या आणि मधूनमधून पायऱ्या. चाकांची बॅग तिथे ओढता येत नाही. इमारतीत रिसेप्शन नाही, दार सांकेतिक क्रमांकाने उघडते, आणि तो क्रमांक प्रवाशाच्या मोबाइलऐवजी तुमच्या कार्यालयाच्या नंबरवर पाठवायला सांगितलेला. तिथे रात्री साडेदहा म्हणजे पुण्यात पहाटेचे दोन. तुमच्याकडे फोन कोण उचलणार?

पाएल्याच्या (स्पॅनिश भाताच्या) जेवणाच्या कूपनवर बारीक अक्षरांत 'किमान दोन व्यक्ती' असे छापले आहे. यावर जास्त लिहीत नाही.

मागणी अशी: जादा आकारलेले २८,००० रुपये, मेस्किताचे २,४००, न वापरता आलेल्या कूपनाची रक्कम आणि अल्हाम्ब्राच्या सर्वसाधारण तिकिटाच्या व दिलेल्या तिकिटाच्या किमतीतला फरक परत करावा. मेदिना अझाहारा आणि कोर्दोबाच्या आल्काझारसाठी आकारलेले शुल्कही त्यात धरावे. तिकिटे, कार्यक्रमपत्र, कूपन आणि पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. प्रवासाचे व्हाउचर नको. रक्कम मूळ खात्यात जमा करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जावे लागेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे करारातील 'मुंबई न्यायकक्षा' या कलमाचा आधार घेऊ नये.

कळावे,

(सही)
सहलीची ग्राहक
सोबत: वरीलप्रमाणे