रविवारी शीतखोल्यांतील सेन्सरची तपासणी

सर्व सभासदांसाठी सूचना. येत्या रविवारी सकाळी ७ ते ११ या वेळेत सामाईक शीतखोल्या आणि डीप फ्रीझरमधल्या वायरलेस सेन्सरच्या बॅटऱ्या बदलून आकडे तपासले जातील. या वेळेत मोबाइलवर येणारे अलार्म कामामुळे असतील. ११ नंतरचा प्रत्येक अलार्म खरा समजावा.

• फ्रीझरमध्ये फक्त लिथियम बॅटरी घाला. उणे १८ अंशांना नवी कोरी अल्कलाइनसुद्धा लवकर मान टाकते आणि सेन्सर गप्प होतो.

• तपासणी बर्फाच्या पाण्यात होईल. भांडं बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरायचं, पाणी फक्त फटी भरण्यापुरतं. प्रोब (सेन्सरचं तापमान मोजणारं टोक) मधोमध धरा, तळाला किंवा बाजूला टेकवू नका. ढवळत राहा, आकडा स्थिरावू द्या. तो ० अंशाच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या आत हवा. फरक जास्त दिसला तर आधी भांड्यात पाणी जास्त झालंय का ते पाहा, बहुतेकदा चूक तिथेच असते.

• प्रोब दाराजवळ किंवा पंख्याच्या झोतात लावलेला असेल तर हलवा. ग्लायकॉलच्या (सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतला प्रोब उत्तम. दार उघडताच आकडा उड्या मारत नाही.

• डीफ्रॉस्टच्या (साचलेला बर्फ वितळवण्याच्या) वेळी हवा तापते, म्हणून अलार्मला उशीर ठेवलेला असतो. तो कोणीही परस्पर बदलू नये.

• गेटवेसमोर (सेन्सरचे आकडे पुढे पाठवणाऱ्या यंत्रासमोर) स्टीलचे रॅक उभे करू नका, सिग्नल अडतो. गेटवेचा प्लग चार्जिंगसाठी काढणाऱ्यांनाही हीच विनंती!

आपापल्या खोलीची किल्ली शनिवारी संध्याकाळपर्यंत देखभाल समितीकडे द्यावी.