साखरेचा पाक सांडला तर काचेची शेगडी गार व्हायची वाट बघू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघराच्या टिप्स येतात त्या मी न चुकता वाचते, काही कापून डब्यात ठेवलेल्या पण आहेत. गेल्या रविवारी त्यात काचेच्या सिरॅमिक शेगडीबद्दल लिहिलं होतं, की काहीही सांडलं तरी आधी शेगडी पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पुसा. दूध, डाळ, पेज, माशाचं कालवण यांच्यासाठी हे अगदी बरोबर आहे. पण साखर आणि गूळ यांच्यासाठी बरोबर याच्या उलट करायचं असतं, आणि आता आंबे उतरायला लागलेत, घरोघरी साखरांबा, गुळांबा होणार, रस आटवला जाणार, म्हणून लगेच लिहायला बसले.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. दोन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा मुलाने चार झोनची सिरॅमिक शेगडी बसवून दिली, वरून सपाट काळी काच आणि खाली लाल तापणारी कॉइल. (अशा शेगडीला साधारण 6 ते 7 किलोवॅट लागतात, साध्या प्लगवर चालत नाही, वेगळी लाइन ओढावी लागते, हे घेणाऱ्याने आधीच वायरमनला विचारून घ्यावं.) गेल्या मे महिन्यात तिच्यावर हापूसचा साखरांबा केला. मोठा टोप होता, पाक उकळत होता आणि मी दारात आलेल्या माणसाशी बोलायला गेले, परत येईपर्यंत पाक उतू जाऊन काचेवर पसरलेला. मी बटण बंद केलं, टोप उतरवला आणि सगळं तसंच ठेवलं, कारण गरम काचेला हात लावू नये असंच डोक्यात होतं. सकाळी बघते तर पाकाची कडक काचेसारखी चकती झालेली. उलथन्याने उचकटली, ती कडकन सुटली, आणि खाली मोहरीएवढे दहा-बारा खड्डे. आधी वाटलं साखरच राहिलीय, नखाने चाचपून बघितलं, मग कळलं की काचेचाच टवका गेलाय. दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला काकू हे भरून येत नाही, आणि वॉरंटीत पण बसत नाही. इतकं वाईट वाटलं त्या दिवशी, मुलाच्या पहिल्या बोनसची वस्तू होती ती.

असं का होतं ते मग त्या दुरुस्तीवाल्याकडून आणि मुलाकडून नीट समजून घेतलं. आपण चिक्की किंवा वडी थापताना ताटाला आधी तूप लावतो ते कशासाठी, तर पाक गार होताना ताटाला घट्ट धरून बसतो म्हणून. शेगडीवर तूप नसतं. वितळलेली साखर गरम काचेला चिकटते आणि गार होताना आकसते, पण ही काच अशी बनवलेली असते की ती तापली तरी जवळजवळ फुगत नाही आणि गार झाली तरी आकसत नाही. म्हणजे वरचा पाक आकसतोय आणि खालची काच जागची हलत नाहीये, मग पाक काचेचा पापुद्रा स्वतःबरोबर ओढून काढतो. ज्या गुणामुळे ही काच विस्तवासारख्या उष्णतेला टिकते त्याच गुणामुळे ती गुळापुढे हरते, हे मला फार विचित्र वाटलं. अशा काचेचा शोध पण चुकूनच लागला म्हणे, 1953 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड स्टूकी नावाच्या शास्त्रज्ञाने काचेचा एक तुकडा भट्टीत ठेवला होता 600 अंशाला आणि भट्टी गेली 900 पर्यंत, तुकडा वितळून गेला असेल म्हणून बाहेर काढायला गेले तर तो चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला आणि फुटलाच नाही.

तर पाक, गूळ, जाम, आंब्याचा आटवलेला रस, मोदकाचं सारण, घाटलं, यातलं काहीही काचेवर सांडलं तर गार होईपर्यंत थांबायचं नाही. बटण बंद करायचं, टोप जाड फडक्याने उचलून बाजूला ठेवायचा, पोरांना लांब करायचं, हातात जाड मोजे घालायचे आणि ब्लेडवाल्या स्क्रेपरने, पातं काचेला जवळजवळ टेकवून तिरकं धरून, तो पाक गरम जागेवरून गार जागेकडे ढकलत न्यायचा. घाई करायची नाही, पाकाचा चटका तेलापेक्षा वाईट, तो अंगाला चिकटून राहतो. ओलं फडकं त्यावर टाकायचं नाही, वाफेने हात भाजतो. बहुतेक पाक निघाला की उरलेला पातळ थर मात्र गार झाल्यावर ओल्या फडक्याने निघतो. प्लॅस्टिकची पिशवी किंवा चमचा चिकटला तर त्यालाही हेच लागू, तेही गरम असतानाच काढायचं.

आणि माझ्यासारखं कुणाचं आधीच गार होऊन बसलं असेल तर उचकटू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर त्यावर ठेवा, सुकलं तर परत भिजवा. साखर-गूळ पाण्यात विरघळतो, जोर लावायची गरजच नाही. हे मला त्या सकाळी कुणी सांगितलं असतं तर निदान अर्धे खड्डे तरी वाचले असते.

एक घोळ मात्र होऊ देऊ नका. आपल्याकडे ग्लास टॉप म्हणून जी गॅसची शेगडी घरोघरी आहे तिची काच वेगळी, ती टफन्ड काच. ती सिरॅमिकसारखी उष्णता झेलत नाही, तापलेली असताना गार पाणी पडलं तर तडकून बारीक तुकडे होऊ शकतात. तुमच्या टिपेत दोन्हीला काचेची शेगडी म्हटलंय त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही कुणाबद्दल चाललंय.

रोजच्या डागांचं तसं सोपं आहे. काच गार झाली की भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं, पेज किंवा दूध करपलं असेल तर खायच्या सोड्याची पेस्ट लावून वर ओलं फडकं पंधरा मिनिटं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी खारट, त्याचे पांढरे ठिपके काचेवर राहतात, ते व्हिनेगरने पुसले की जातात, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. अ‍ॅल्युमिनियमचा टोप सरकवला की रुपेरी रेघा उठतात, त्या ओरखडे नसतात, टोपाचा धातू काचेला लागलेला असतो, सोड्याने हळूहळू निघतो. तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी, राख हे काहीच नको.

राखेवरून खरी गोष्ट आठवली जी कुठल्याच पुस्तकात नसते कारण पुस्तक लिहिणारे कोकणात राहत नाहीत. आपल्याकडे मोठे टोप मागच्या दारी दगडावर घासतात, नारळाचं सोडण घेऊन राखेने नाहीतर मातीने, आणि त्यात किनाऱ्याची वाळू असतेच. टोप वरून लख्ख दिसतो पण बुडाला वाळूचे दोन कण चिकटलेले असतात. वाळू काचेपेक्षा कठीण. तो टोप काचेवर ठेवून जरा फिरवला की गोल ओरखडा पडला म्हणून समजा. माझ्या शेगडीवर असे दोन आहेत. आता टोप ठेवायच्या आधी बूड हाताने पुसते आणि सरकवत नाही, उचलूनच हलवते. स्क्रेपरच्या ब्लेडचं पण तसंच, आपल्या खाऱ्या हवेत चार दिवसांत गंज चढतो आणि गंजलेलं पातं काचेवर ओरखडतं, म्हणून वापरून झालं की कोरडं करून खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवते.

तडा दिसला तर मात्र साफसफाई वगैरे काही नाही, सरळ मेन स्विच बंद. तड्यातून पाणी आत विजेपर्यंत जातं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे सगळंच ओलं असतं.

शेगडी अजून वापरतेच मी. बंद केल्यावर काच बराच वेळ गरम राहते, शेगडीवर एच (हॉट, म्हणजे गरम) हे अक्षर दिसतं तोवर, आणि त्यावर आमटी ठेवली की पूर्वी आई वैलावर ठेवायची तशी गरम राहते, हे मला फार आवडतं.

आता माझी मागणी. या शेगडीबरोबर जे पुस्तक आलं त्यात साखरेचं हे सगळं लिहिलेलं होतं, मी नंतर मुलाकडून वाचून घेतलं, पण इंग्रजीत, आणि बारीक अक्षरात अकराव्या पानावर. आमच्या वाडीत आता तीन घरांत अशा शेगड्या आहेत, होमस्टेवाल्यांकडे पण येतायत, आणि त्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायका बहुतेक मराठीच वाचतात. दुकानदारांनी शेगडी विकताना एक मराठी कागद आणि एक स्क्रेपर बरोबर द्यायला पाहिजे, आणि बसवायला येणाऱ्या माणसाने पाकाचं तोंडी सांगूनच जायला पाहिजे, त्याला दोन मिनिटं लागतील. आणि तुम्ही कृपा करून त्या टिपेची दुरुस्ती पुढच्याच रविवारी छापा. त्याच्या पुढच्या रविवारी नको, तोपर्यंत आमच्या शेजारच्या दोन्ही घरांत साखरांब्याचे टोप चढलेले असतील.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी