सीसीआय कोणती, कापसाची की गुगलची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बड्या तंत्रज्ञान आणि माध्यम कंपन्यांवरून लोकांचं मन उडत चाललं आहे, अशा अर्थाचा आपला अग्रलेख वाचला. त्यातले 'लोक' बहुधा शहरातले असावेत. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात या कंपन्यांविषयी काय बोललं जातं, ते कळवावं म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सीसीआयने गुगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला, ती बातमी पानठेल्यावर मोठ्याने वाचली गेली. आमच्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी करणारं महामंडळ. एक काकाजी म्हणाले, "त्यानं गुगलले दंड कायले केला बे? गुगलनं ओला कापूस नेला होता काय केंद्रावर?" ही सीसीआय वेगळी, भारतीय स्पर्धा आयोग, असं समजावलं. तरी काकाजींचा प्रश्न होताच, "दंड गेला सरकारात. तुह्या-माह्या हाती काय आलं?" नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या धोरणावरून त्याच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड झाला, तेव्हा तर कोणी मान वर करून पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर राग कमीच आहे. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराचं तोंड रोज संध्याकाळी दिसतं, बचत गटाच्या हप्त्याचा हिशोब ग्रुपवर असतो, आणि आता महामंडळाला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागते. पोरं म्हणतात, "फुकट हाय ना, मंग?" म्हातारे म्हणतात, "हा फोन सारं ऐकते." आणि दोघंही फोन उशाशी घेऊन झोपतात.

माझं गाऱ्हाणं जरा वेगळं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पार गेला होता. पुढच्या हंगामात माझ्या घरी बावीस क्विंटल आला. डिसेंबरात गावात ८,४०० चा भाव चालू होता. फोन उघडला की लाल बाणाचा व्हिडिओ, 'कापूस १२ हजार पार?' शेवटचं प्रश्नचिन्ह इतकं बारीक की चष्म्याशिवाय दिसू नये. एक पाहिला की खाली तसेच चार. थांबलो. सपरीत, म्हणजे ओसरीत, कापसाचा ढीग, ढिगाशेजारी आमची अंथरुणं. मार्च लागला तशी घरभर खाज सुरू झाली. नातवाच्या पाठीवर लाल गांधी उठल्या आणि सून त्याला घेऊन माहेरी गेली. मे महिन्यात ७,३०० ने दिला. वाळून दीड क्विंटल घटला, तो वेगळाच.

हाव माझीच होती, नाही म्हणत नाही. फोनने काही माझा हात धरून ठेवला नव्हता. पण शेजाऱ्याने जानेवारीतच गाडी खाली केली होती. त्याला हे व्हिडिओ दिसले नव्हते का, हे माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी एका संध्याकाळी ठेल्यावर चुन्याच्या डबीशेजारी आम्ही तीन फोन मांडले आणि तिन्हींवर 'कापूस भाव' हेच दोन शब्द टाकले. माझ्या फोनवर चढते बाण. शेजाऱ्याच्या फोनवर बाजार समितीचा साधा भाव आणि खाली ट्रॅक्टर. ठेलेवाल्या पोराच्या फोनवर वायदेबाजार, मधेच एक कीर्तन. पोरगं हसलं, "काकाजी, तुमच्या फोनले माहीत हाय तुमाले काय आवडते."

पण ते फोनने कशावर मोजलं? खरेदी केंद्रावर आर्द्रतेचं मीटर माझ्यासमोर ढिगात खुपसतात. आकडा आठच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. भांडण होतं, पण डोळ्यांसमोरच्या आकड्यावरून होतं. काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो, हातात हिशोबपट्टी पडते. हे व्यापाऱ्यांनी खुशीने दिलेलं नाही. वऱ्हाडात १८८६ मध्ये कारंजाला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदाच आला. इंग्रजाला आमचा कळवळा नव्हता, त्याच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. पण त्या निमित्ताने बाजाराला नियम लागले. (सगळं सरकारच्या हाती द्या असंही मी म्हणणार नाही. १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, तीही आम्ही पाहिली आहे.)

फोनमधल्या व्यापाऱ्याची पट्टी मात्र मिळत नाही. आपली कोणती माहिती घेतली हे कंपनीला विचारण्याचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे. असा अर्ज केलेला माणूस मला तालुक्यात अजून भेटायचा आहे.

टीव्हीचं म्हणाल तर चॅनेल कोणाचं, हे ठेल्यावर सगळ्यांना पाठ. तिरोड्याच्या वीजकेंद्रामुळे ज्यांचं नाव विदर्भाला ठाऊक, त्या अदानी समूहाकडे २०२२ च्या डिसेंबरात एनडीटीव्ही गेलं, ते इथे कोणाला समजवावं लागत नाही. सोयरीक करताना कूळ पाहावं तसे लोक आधी मालक पाहतात, मग बातमी.

आणि संपादक महोदय, रागावू नका, पण आपल्या वेबसाइटवर मागच्या आठवड्यात 'कापूस दराबाबत मोठी बातमी' असा मथळा होता. भाव कळेपर्यंत चार जाहिराती ओलांडाव्या लागल्या, आणि भाव निघाला आदल्या दिवशीचाच. छापील अंकात पूर्वी बाजार समित्यांचा तक्ता यायचा. दिवाळीपासून त्या जागी मोबाइलची जाहिरात असते. तो तक्ता परत सुरू करा. राळेगाव, वणी, हिंगणघाट, अकोट, एवढ्या चार ओळी आल्या तरी चालतील. किमान-कमाल भावासोबत आवक मात्र जरूर छापा. गाडी भरायची की थांबायचं, ते आम्ही आवकेवरून ठरवतो.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ