साडेसात तासांच्या अंतरावरून

श्टुटगार्ट,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

विद्यार्थी-अदलाबदलीसाठी तू ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेलीस, तिथून मागच्या रविवारी आलेले तुझे लांबलचक पत्र आम्ही दोघांनी दोनदा वाचले आणि आजीच्या आग्रहावरून मी तिलाही ते फोनवर वाचून दाखवले. आठवड्यातून एकदाच घरी फोन करावा हे तुमच्या इथल्या शाळेने घातलेले बंधन तू पाळते आहेस, ते चांगलेच आहे. शिवाय तुझ्या-आमच्यातील साडेसात तासांचे अंतर इतके अडनिडे आहे की तू शाळेतून घरी पोचतेस तेव्हा मी कामावर निघण्याच्या गडबडीत असतो आणि मी घरी येतो तेव्हा तू गाढ झोपेत असतेस. आजी याला साडेसाती म्हणते. सांगली आणि ॲडलेड यांच्या घड्याळांत मात्र सध्या बरोबर चार तासांचा फरक असल्यामुळे तिला हिशेब सोपा जातो, आणि ‘तुमच्यापेक्षा माझी नात मलाच जवळ आहे’ असे ती आम्हाला वरचेवर ऐकवते.

शाळेच्या सभेत ‘जर्मनीहून आलेले आपले पाहुणे’ म्हणून तुम्हा नऊ जणांना मंचावर उभे केले, तेव्हा पुढच्या रांगेतील एका मुलाने तुझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले आणि दोघे हसले, असे तू लिहिले आहेस. मधल्या सुट्टीत भारतीय वंशाच्या दोन मुली आपुलकीने तुझ्याशी हिंदीत बोलू लागल्या आणि तुला धड उत्तर देता आले नाही, हेही लिहिले आहेस. त्याखाली एका ओळीत, जणू सहज आठवले म्हणून, डिसेंबरमध्ये तुझी तिथली मैत्रीण आपल्याकडे राहायला येईल तेव्हा घरात जर्मन बोलता येईल का, जेवण ‘साधे’ करता येईल का आणि दिवाणखान्यातील देवघर आतल्या खोलीत हलवता येईल का, असे विचारले आहेस. तिला खरे जर्मन घर पाहायला मिळावे, ही त्यामागची तुझी इच्छा मला कळते. परंतु उत्तर देण्यापूर्वी तुला काही सांगायचे आहे.

मार्चमधील पालकसभेला तू नव्हतीस. मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या पाच-सहा मुलांना त्या संध्याकाळी शाळेने बोलावले होते. त्यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तुझ्या पत्रातही आल्या आहेत, त्यामुळे वाचताना मला हसू येत होते. जर्मनीत उणे दहा अंश तापमानात वाढलेली ही मुले ॲडलेडच्या आठ अंशांत कुडकुडली, कारण तिथल्या घरांना आपल्यासारख्या दुहेरी काचा आणि जाड भिंती नसतात आणि लोक हीटर लावण्याऐवजी अंगावर आणखी एक स्वेटर चढवतात. एक मुलगा म्हणाला की आयुष्यात इतकी थंडी त्याला बाहेर कधी वाजली नव्हती, ती तिथे झोपायच्या खोलीत वाजली. गणवेशाच्या नावाने जाण्यापूर्वी नाक मुरडणाऱ्या एका मुलीने कबूल केले की सकाळी कपाटापुढे उभे राहून विचार करावा लागत नाही हे सुख तिला तिथेच कळले. सोळाव्या वर्षी इथे उघडपणे बिअर मागवणाऱ्या मुलांना तिथे अठरा वर्षांखालील म्हणून फक्त लिंबूपाणी मिळाले, आणि त्याच वेळी त्यांच्या बरोबरीची मुले शिकाऊ परवान्याची पिवळी पाटी लावून गाडी चालवत होती, याचा त्यांना मोठा अन्याय वाटला होता. त्याहून अधिक त्यांना सलले ते वेगळेच. इथे दहाव्या वर्षापासून एकटे रेल्वेने फिरणाऱ्या या मुलांना तिथे मैत्रिणीकडे जायचे तरी कुणीतरी मोटारीने सोडावे लागे. एक आई मागून पुटपुटली की मुलगा परत आल्यावर ट्रामच्या वेळापत्रकाबद्दल तक्रार करीनासा झाला, एवढ्यासाठी तरी पैसे वसूल झाले.

पण सभेत सर्वांत जास्त हशा पिकला तो ताटलीच्या गोष्टीला. एका मुलाला वर्गमित्राने शनिवारी घरी बोलावले आणि येताना ‘एक प्लेट घेऊन ये’ म्हणून सांगितले. त्यांच्याकडे भांडी कमी असतील असे समजून हा बिचारा यजमानांच्या स्वयंपाकघरातून एक पांढरी, स्वच्छ, रिकामी ताटली घेऊन, ती वाटेत फुटू नये म्हणून जॅकेटमध्ये गुंडाळून, वेळेआधी पाच मिनिटे दारात हजर झाला. त्या बोलण्याचा अर्थ सर्वांनी मिळून खाण्यासाठी एखादा पदार्थ करून आणावा असा असतो, हे त्याला टेबलावर मांडलेल्या वीस भरलेल्या ताटल्या पाहिल्यावर कळले. त्याच मुलाची दुसरी तक्रार अशी की, तिथले लोक ‘कधीतरी भेटू या’ म्हणत, हा लगेच वही काढून वार विचारी, आणि समोरचा गोंधळून जाई. जर्मन पालकांना हे फार गमतीचे वाटले. ‘एकदा या घरी जेवायला’ हे वाक्य ऐकत आणि ऐकवत वाढलेल्या तुझ्या आईला आणि मला मात्र तो ऑस्ट्रेलियन माणूस फार ओळखीचा वाटला.

आता हानडॉर्फविषयी. पुढच्या शनिवारी तुम्हा सर्वांना तिथे नेणार आहेत म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. ॲडलेडपासून अर्ध्या तासावर, टेकड्यांमध्ये हे गाव आहे. मागच्या वर्षीची मुले तिथून फार नाराज होऊन परतली होती. हातभर लांब सॉसेज, बव्हेरियन चामडी चड्ड्या, ब्लॅक फॉरेस्टची कोकिळा-घड्याळे अशा वस्तूंनी भरलेल्या त्या रस्त्यावर दुकानदार त्यांना जर्मनी म्हणजे काय ते समजावून सांगत होते, आणि माउलटाशेन व श्पेट्झलं हे आपल्या श्टुटगार्टकडचे पदार्थ खाऊन वाढलेल्या या श्वाबी मुलांना त्यातले आपल्या घरचे काहीच सापडत नव्हते. एका मुलीने दुकानात सांगून पाहिले की आमच्या घरी असले कपडे कुणी घालत नाही, तर समोरच्या बाईने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

ते गाव वसवणारी माणसे तर बव्हेरियातील नव्हतीच. प्रशियाच्या राजाने लुथेरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांना एकत्र जुंपून नवी उपासनापद्धती लादली, ती न मानणारी ही खेडूत मंडळी होती. आउगुस्ट कावेल या पाद्र्याच्या मागोमाग ती १८३८ मध्ये निघाली, आणि ‘झेब्रा’ जहाजाच्या ज्या कप्तान हान यांनी त्यांना जमीन मिळवून देण्यासाठी खटपट केली त्यांचेच नाव त्यांनी १८३९ मध्ये गावाला दिले. त्यांच्या मूळ गावांपैकी बरीचशी आज जर्मनीत नाहीत; ज्या क्लेमझिगवरून ॲडलेडच्या उपनगराला नाव मिळाले ते गाव आता पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात तर १९१७ च्या कायद्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातील ६९ जर्मन गावनावे पुसली गेली. हानडॉर्फचे ॲम्बलसाइड झाले, लुथेरन पंथाच्या ४९ शाळा बंद पडल्या, आणि बेकरीतील ‘बर्लिनर’ बन ‘किचनर’ झाला तो आजतागायत. हानडॉर्फला त्याचे नाव १९३५ मध्ये परत मिळाले. दोन-तीन पिढ्या त्याच मातीत शेती करणाऱ्या लोकांना आपण कोण याचे उत्तर सरकारी फर्मानानुसार बदलावे लागले. आणि आता पर्यटकांसाठी ज्या प्रांतातून त्यांचे पूर्वज आलेच नाहीत त्या प्रांताच्या चड्ड्या तिथे विकल्या जातात! तुझ्या वर्गातील शुद्ध श्वाबी मुलेही तिथे कुणाच्या तरी मनातल्या जर्मनाशी जुळत नाहीत, एवढे तू त्या रस्त्यावरून चालताना पाहा. खाटकाने ‘फ्रिट्झ’ नावाच्या सॉसेजची चकती हातावर ठेवली तर नावाला हसू नकोस. तो तिथला लहान मुलांचा जुना मान आहे.

शाळेच्या सभेच्या सुरुवातीला ही भूमी तिथल्या मूळ रहिवासी कौर्ना लोकांची आहे असे म्हटले जाते आणि त्या नावाचा उच्चार ‘गार्ना’ असा करतात, हे तू बारकाईने टिपले आहेस. त्या भाषेची एक हकीकत तुमच्या जर्मनच्या बाईंना अवश्य सांग. ख्रिस्टियान टाइखेलमान आणि क्लामोर शूरमान हे ड्रेस्डेनच्या मिशनचे दोन तरुण पाद्री ऑक्टोबर १८३८ मध्ये ॲडलेडला उतरले, तेही ‘पेस्तनजी बोमनजी’ नावाच्या जहाजातून. मुंबईच्या पारशी नावाच्या जहाजातून आलेले जर्मन! त्यांनी धर्मप्रसारासाठी का होईना, त्या लोकांची भाषा शिकून घेतली, त्याच भाषेतून शिकवणारी शाळा १८३९ मध्ये ॲडलेडमधील पिल्टावोडलीला काढली आणि १८४० मध्ये सुमारे दोन हजार शब्दांचा संग्रह व्याकरणासह छापला. पुढे ती शाळा बंद झाली, मुलांना इंग्रजीकडे वळवण्यात आले आणि भाषा बोलणारी माणसे हळूहळू संपली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कौर्ना लोकांनी ती पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा मुख्य आधार झाला तो या दोन परक्यांच्या संग्रहाचा. आपल्यालाही मराठी शब्द अडला की मोल्सवर्थसाहेबाने १८३१ मध्ये छापलेला कोश उघडावा लागतो, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही. कुणाची भाषा कुणाच्या हाती टिकेल ते सांगता येत नाही.

यावर तू म्हणशील की बाबा, ते सारे ठीक आहे, पण मला हसले त्याचे काय. खरे सांगायचे तर त्याचे माझ्याकडे उत्तर नाही. एप्रिलमधील एक संध्याकाळ मात्र मला आठवते. तुझ्या आठही सोबत्यांना ई-व्हिजिटर हा परवाना घरबसल्या आणि फुकट मिळाला होता. आपण अजून नागरिकत्व बदललेले नाही, तुझ्या पासपोर्टवर अशोकस्तंभ आहे, म्हणून आपल्याला वेगळा व्हिसा, त्याचे शुल्क, बँकेचे उतारे, माझे पगारपत्रक, शाळेचे दाखले असे सगळे जोडावे लागले. तू स्वयंपाकघरातील टेबलावर त्या कागदांना क्रमांक घालत बसली होतीस. तेविसावा कागद दोनदा मोजला गेला, तेव्हा तू तो काढून मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलीस. तक्रारीचा एक शब्दही तू काढला नाहीस, आणि मीही विषय काढला नाही. तेव्हाच बोललो असतो तर बरे झाले असते असे आता वाटते. ‘जर्मन गटातील’ होण्यासाठी तुला इतरांपेक्षा जास्त कागद लागले, हे मला त्या दिवशीही दिसत होते.

म्हणून डिसेंबरविषयी माझे म्हणणे असे. तुझी मैत्रीण जर्मन शिकायला येते आहे, तेव्हा ती असताना जेवणाच्या टेबलावर आम्ही जर्मनच बोलू. माझे विभक्तिप्रत्यय चुकतील, ते तू नेहमीप्रमाणे सुधार, म्हणजे तिचीही शिकवणी होईल. नाताळचा बाजार २३ तारखेपर्यंत असतो, तिथे तिला आल्याबरोबर नेऊ. झाड दरवर्षी आणतो तसे आणू. परंतु देवघर आहे तिथेच राहील, आजीचा फोन आला की मराठीतच बोलणे होईल, आणि आठवड्यातून चार दिवस वरणभात होतो तो चारच दिवस होईल. श्टुटगार्टमध्ये ज्या घरांत दोन-दोन, तीन-तीन भाषा चालतात त्यांची गणती केलीस तर आपले घर काही वेगळे निघणार नाही. तुझ्या यजमानीणबाईंनी तू येणार म्हणून हीटर विकत आणला नाही, गरम पाण्याची पिशवी दिली आणि अंघोळीला चार मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावून दिले, हे तुला पहिल्या आठवड्यात खटकले आणि तिसऱ्या आठवड्यात तू ते कौतुकाने लिहिलेस. त्यांनी तुझ्यासाठी घर सजवून ठेवले असते तर लिहायला तुझ्याजवळ काय उरले असते?

थोडे किरकोळ. सायकलवर हेल्मेट घालतेस ना? तिथे तो कायदा आहे, इथल्यासारखी मर्जी नाही. वसंत लागताच मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, म्हणून लोक हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे काटे लावतात असे मागच्या वर्षीची मुले सांगत होती, तेव्हा तसे लावायला लाजू नकोस. विमानतळावर गोडा मसाल्याची पुडी तू कागदावर लिहून दाखवलीस आणि त्यांनी ती हुंगून परत दिली, हे वाचून आईचा जीव भांड्यात पडला. रात्री आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेकडे चार ताऱ्यांचा क्रूस शोध. आपण त्याला त्रिशंकू म्हणतो. सांगलीच्या गच्चीवरून मे महिन्यात तो क्षितिजाला टेकलेला तुला दाखवला होता, पण तू तेव्हा सहा वर्षांची होतीस आणि तुझे सगळे लक्ष आंब्याकडे होते. इथून तो दिसत नाही.

बुधवारी २७ तारखेला गणपती बसतील. मी त्या दिवशी उशिरा कामावर जाणार आहे. आरती सकाळी साडेआठला करू, म्हणजे तुझ्याकडे चार वाजलेले असतील आणि तू शाळेतून आलेली असशील. शाळेच्या नियमात तो त्या आठवड्याचा फोन समज. यजमानीणबाई आणि तुझी मैत्रीण यांना बसावेसे वाटले तर त्यांनाही बसू दे. झांजा तुझ्याजवळ नाहीत, तेव्हा एक ताटली आणि चमचा घेऊन बस. या वेळी रिकामीच चालेल.

तुझे,
बाबा